प्रतिज्ञालेखावर सही करण्यापूर्वी
(गोंडपिपरी येथे उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



जातीचा दाखला असो, वारसाचा अर्ज असो की जमिनीचा दावा असो, कचेरीत पहिली मागणी होते ती प्रतिज्ञालेखाची. लोक त्यालाच ॲफिडेव्हिट म्हणतात. अर्जनवीस छापील मजकुरात आपले नाव भरतो, आपण सही किंवा अंगठा करतो, नोटरीचा शिक्का बसतो आणि आपण घरी येतो. आत काय लिहिले आहे, हे किती जण वाचतात? ज्या समाजाच्या शब्दाला शतकानुशतके किंमत नव्हती, त्याचा लेखी शब्द आज न्यायालय ऐकते. दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा सरतपासही आता प्रतिज्ञालेखानेच होतो आणि त्याच मजकुरावर उलटतपास घेतला जातो. असा शब्द दुसऱ्याच्या स्वाधीन करू नका.

छापील नमुन्यात पुष्कळदा ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ असे असते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच जिल्ह्यात, चंद्रपुरास, धम्मदीक्षा दिली. तो मार्ग पत्करलेल्या माणसाने हे वाक्य मुकाट्याने का स्वीकारावे? कायद्याची तशी सक्ती नाही. १९६९ च्या शपथ अधिनियमात ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ हा पर्याय आहे आणि त्याचे वजन तितकेच आहे. तेवढी ओळ बदलून मागा. पंचशीलातील चौथे शील आपल्याला असत्य भाषणापासून दूर राहण्यास सांगते. आपणांस दुसऱ्या साक्षीची गरज नाही.

आता मजकुराविषयी. आरंभी नाव, वय, धंदा आणि पत्ता असावा. पुढे एका परिच्छेदात एकच गोष्ट, अशी क्रमवार मांडणी असावी. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांची सरमिसळ करू नये. जबरानजोतीच्या जमिनीचेच उदाहरण घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आदिवासी नसलेल्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. त्यासाठी गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही चालते. त्या म्हाताऱ्या माणसाने ‘मी लहानपणी यांच्या आजोबांना येथे नांगर धरताना पाहिले’ असे सांगितले, तर ते पाहिलेले झाले. ‘त्यांच्याही वडिलांनी ही जमीन कसली’ हे ऐकीव असेल, तर कोणाकडून ऐकले ते लिहावे. अधिक बळकटीसाठी ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून लिहिली, तर उलटतपासात खरी गोष्टही तिच्याबरोबर बुडते.

धर्माच्या रकान्यात पुष्कळ कुटुंबे भीतीने ‘हिंदू’ लिहितात. ही भीती एके काळी निराधार नव्हती. १९६२ साली डॉ. डी. पी. मेश्राम नागपूरच्या राखीव जागेवरून विधानसभेत निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म जाहीरपणे स्वीकारल्याचे सिद्ध होते, असे १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आणि ती जागा गेली. कारण तेव्हा अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. १९९० साली संसदेने त्या आदेशात बौद्धांचा समावेश केला. आज ‘बौद्ध’ लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. धर्म बौद्ध आणि कुटुंबाची मूळ जात, दोन्ही जसे आहे तसेच लिहा. एका कागदावर एक धर्म आणि दुसऱ्यावर दुसरा, ही विसंगतीच पुढे लेकरांच्या दाखल्यात आडवी येते.

सहीच्या वेळी चार गोष्टी पाळा. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नका. निरक्षर मातेला मजकूर तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा आणि तसे वाचून दाखविल्याची नोंद कागदावर असावी. खाडाखोड झाली असल्यास तेथे छोटी सही करावी. सही नोटरीच्या समक्ष करावी. सही केलेला कागद दुसऱ्याच्या हाती पाठवू नये. न्यायालयात किंवा सरकारी कचेरीत दाखल करावयाच्या प्रतिज्ञालेखावरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ केले आहे, हेही ध्यानात ठेवा.

नोटरीचा शिक्का मजकूर खरा असल्याची ग्वाही देत नाही. अमुक माणसाने आपल्यासमोर हे कथन केले, एवढेच तो सांगतो. खरेपणाची जबाबदारी सही करणाऱ्याची. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलीला जवळ बसवा, तिच्याकडून कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून घ्या, आणि मगच सही करा.

जय भीम!