एक मासा, दोन नावं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आज मी तुम्हाला एका माशाविषयी सांगणार आहे. कवीनं कवितेविषयी बोलावं, पावसाविषयी बोलावं; हा मासळीबाजारात कुठे शिरला, असं तुम्हाला वाटेल. पण मी दाभोळच्या खाडीकाठचा माणूस. आमच्याकडे मुलाला अक्षरओळख व्हायच्या आधी मासळीची ओळख होते. आई बाजारात गेली की माशाचा कल्ला उचलून बघायची, पोटावर बोट दाबायची आणि मासेवालीला सांगायची, ‘‘हा बर्फातला आहे गं. आजचा म्हणून का विकतेस?’’ मासेवाली हसायची आणि टोपलीच्या तळातला दुसरा काढून द्यायची.

ढोमा आणला की आई त्याचं डोकं फोडून आतले दोन पांढरे, गुळगुळीत खडे आम्हा पोरांना खेळायला द्यायची. ते खडे कशाचे, हे तिला ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. त्या खड्यांकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

तर मासा ओळखणं ही आपल्या घरची विद्या, अशी माझी समजूत होती. ती २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत उतरली. माझा पुतण्या तिथे पोर्टलंड शहरात इंजिनियर आहे. दोन वर्षं बोलावत होता, म्हणून गेलो. एका रविवारी तो मला कोलंबिया नदीवरचं बॉनव्हिल धरण दाखवायला घेऊन गेला. पोर्टलंडपासून हे साधारण साठ-पासष्ट किलोमीटर.

धरण म्हटलं की आपण भिंत बघतो, दरवाजे बघतो. तिथे लोक जमिनीखालच्या एका दालनात उतरतात आणि काचेच्या खिडकीसमोर उभे राहतात. समुद्रातून नदीत चढणाऱ्या माशांना भिंत ओलांडता यावी म्हणून धरणाच्या बाजूनं पाण्याचा एक जिना बांधला आहे. मासे एकेक पायरी चढत वर जातात आणि वाटेत या काचेसमोरून जातात. १९३८ पासून इथे चढणाऱ्या माशांची मोजदाद ठेवली जाते. कोणता मासा, किती, याची रोजची नोंद. आपल्याकडे जकात नाक्यावर मोटारी मोजत, तशी.

काचेपलीकडून मोठमोठे सॅल्मन चालले होते. मध्येच एक सडपातळ, चांदीच्या पत्र्यासारखा मासा आला. पाठ पोलादी निळसर. पुतण्या म्हणाला, ‘‘चाचा, हा स्टीलहेड.’’ तेवढ्यात मासा गेलासुद्धा.

मग आम्ही शेजारच्या मत्स्यबीज केंद्रात गेलो. तिथे तळी आहेत. नाणं टाकलं की मूठभर खाद्य मिळतं, ते पाण्यात फेकायचं. खाद्य पडताच जाडजूड मासे एकमेकांवर तुटून पडत होते. अंगावर काळे ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा. पुतण्या म्हणाला, ‘‘हा रेनबो ट्राउट. आणि चाचा, तो मघाचा आणि हा, दोन्ही एकच मासा आहेत.’’

मी म्हटलं, ‘‘चल! मला काय पोर समजतोस?’’

पण तो खरं बोलत होता. एकाच नदीत, एकाच खडीत अंडी फुटतात. पिल्लांच्या अंगावर बोटांचे ठसे उमटल्यासारखे गडद डाग असतात. त्यातली काही जन्मभर नदीतच राहतात. ती रेनबो ट्राउट. काही एक-दोन, कधी तीन वर्षं नदीत काढतात आणि समुद्राकडे निघतात. निघण्यापूर्वी अंगावरचे डाग चंदेरी थराखाली झाकले जातात, शरीर लांबट होतं, खाऱ्या पाण्यात तगण्यासाठी कल्ल्यांचं काम बदलतं. समुद्रात एक ते तीन वर्षं राहून, मोठी होऊन ती आपल्या नदीच्या वासावर परत येतात, ती स्टीलहेड. आपला पाला जसा समुद्रातून नदीत चढतो, तसंच. तिथला सॅल्मन अंडी घातली की मरतो. स्टीलहेड मात्र जगला-वाचला तर पुन्हा समुद्रात जातो आणि पुन्हा येऊ शकतो.

शास्त्रज्ञांचाही यात गोंधळ झाला होता. १७९२ मध्ये वालबाउम यांनी कामचाटकातल्या या माशाला एक नाव दिलं. १८३६ मध्ये रिचर्डसन यांनी कोलंबियातल्या समुद्रावरून येणाऱ्या माशाला दुसरं दिलं. १८५५ मध्ये गिबन्स यांनी कॅलिफोर्नियातल्या एका ओढ्यातल्या माशाला तिसरं दिलं. पुढे अनेक वर्षं स्टीलहेड आणि रेनबो या दोन वेगळ्या जाती मानल्या जात. अखेर १९८९ मध्ये त्यांना सर्वांचं मिळून आजचं शास्त्रीय नाव मिळालं: ऑन्कोरिंकस मायकिस. जात एकच.

मग यांना ओळखायचं कसं? ताजा समुद्रावरून आलेला असेल तर सोपं. चंदेरी, लांबट, ठिपके बहुतेक पाठीकडे. नदीतल्याचे ठिपके खालपर्यंत उतरलेले, गुलाबी पट्टा ठसठशीत. पण स्टीलहेड काही महिने नदीत राहिला की त्याची चांदी उतरते, पट्टा परत येतो, आणि मग जाणकारही अडखळतो. तेव्हा खवला काढून भिंगाखाली धरतात. झाडाच्या खोडासारखी त्यावर वर्तुळं असतात. नदीत खाणं कमी, म्हणून वर्तुळं दाटीची. समुद्रात खाणं भरपूर, म्हणून सुटी-सुटी. माशाची वही त्याच्या अंगावरच असते.

तिसरा भिडू आहे तो पाळीव रेनबो. त्याची गोष्ट १८७२ मध्ये सुरू होते. लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी कॅलिफोर्नियात मॅक्लाउड नदीवर सॅल्मनची अंडी गोळा करायचं सरकारी केंद्र उभारलं. १८७९ मध्ये जवळच ट्राउटसाठी वेगळं केंद्र निघालं. तिथली आणि आसपासच्या ओढ्यांमधली अंडी लांबलांब पाठवली गेली. त्यात घरी राहणारे किती आणि समुद्रावरचे किती, हे कोणी वेगळं ठेवलं नाही. १८८३ मध्ये कॅलिफोर्नियाची अंडी न्यूझीलंडला पोचली. तिथल्या टाउपो सरोवरातले ट्राउट आज सरोवरालाच समुद्र मानतात आणि अंडी घालायला टाँगारीरो नदीत चढतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मासा आपल्या निलगिरीत आणि काश्मीरमध्येही आला. कुलू-मनालीला हॉटेलात तुम्ही ट्राउट खाल्ला असेल, तर तो याच खानदानातला.

पाळीव वाणात माणसानं आपल्या सोयीचं निवडलं. लवकर वाढणारा, लवकर अंड्यावर येणारा, माणसाला न बुजणारा. रानातला मासा साधारणपणे वसंतात अंडी घालतो; काही पाळीव वाण शरद ऋतूतच घालतात. सिमेंटच्या हौदात दाटीनं वाढल्यामुळे पाठीवरचा पर झिजतो, शेपटीची टोकं गोल होतात. आणि गंमत म्हणजे तिथल्या दुकानात ‘स्टीलहेड’ म्हणून जो लालसर मासा मिळतो, तो बहुतेक वेळा पाळलेला रेनबोच असतो. त्याचा लाल रंग खाद्यातून येतो. हे ऐकून मला आईची आठवण झाली. तिनं दुकानदाराची धडगत ठेवली नसती.

धरणं झाली, नद्या अडल्या, तसे रानातले स्टीलहेड कमी झाले. म्हणून केंद्रात अंडी उबवून स्टीलहेडचीही पिल्लं नदीत सोडतात. सोडण्यापूर्वी त्यांच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा एक छोटा मांसल पर कापतात. गळाला स्टीलहेड लागला की तिथला माणूस आधी पाठ बघतो. तो पर नसेल तर केंद्रातला, घरी न्या. पर शाबूत असेल तर रानातला. बहुतेक ठिकाणी तो परत पाण्यात सोडलाच पाहिजे, असा नियम आहे.

मला हा नियम प्रथम आवडला नाही. जन्माला आल्यावर अंगावर खूण करायची आणि त्या खुणेवरून कोण राहणार, कोण जाणार ते ठरवायचं! माझ्यासारख्याला ते लागतं. तीस वर्षं मराठीत लिहितो आहे, तरी कविसंमेलनात कोणी तरी खांद्यावर हात ठेवून म्हणतोच, ‘‘तुमचं मराठी फार शुद्ध आहे हो! वाटत नाही.’’ काय वाटत नाही, ते तो सांगत नाही. मीही विचारत नाही.

पण पुतण्यानं समजावलं. तिथल्याच हूड नदीतल्या स्टीलहेडचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे, रानात पिल्लं वाढवण्याची माशाची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असं त्यात दिसलं. हौदात जे कामाला येतं ते नदीत येत नाही. तेव्हा फरक ओळखायलाच हवा, नाही तर रानातला मासा संपेल आणि संपला हे कळणारही नाही. मला ते पटलं. फरक ओळखणं वाईट नाही. तो कशासाठी ओळखतो, हे महत्त्वाचं.

आता त्या खड्यांकडे येतो. माशाच्या कानात खडा असतो. आईनं दिलेले ते ढोम्याचे खडे म्हणजे त्याचे कानच. खडा जन्मापासून थराथरानं वाढतो आणि मासा ज्या पाण्यात राहिला त्याची खूण प्रत्येक थरात बसते. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य जास्त असतं, म्हणून समुद्रातली वर्षं खड्यात वेगळी दिसतात. पण सर्वांत मधला कण पिल्लाचा स्वतःचा नसतो. तो अंड्यातल्या पिवळ्या बलकातून आलेला असतो, आणि तो बलक आईच्या अंगात तयार झालेला. आई समुद्रावरून आली असेल तर कधीही नदी न सोडलेल्या माशाच्या कानातही, अगदी मधोमध, समुद्र असतो. २००० मध्ये दोन नद्यांतले खडे असे तपासले गेले. ओरेगनच्या डेशूट्स नदीत घरच्यांची आई घरची आणि समुद्रवाल्यांची समुद्रवालीच निघाली. कॅनडातल्या बबाइन नदीत मात्र घरी राहिलेल्या काही माशांची आई समुद्रावरची निघाली, आणि समुद्रावर गेलेल्या एकाची आई घरची.

हे पुतण्यानं सांगितलं तेव्हा आम्ही तळ्याच्या कठड्याला टेकून उभे होतो. मी पुढे काही बोललो नाही.

माझे थोरले बंधू १९७८ मध्ये कुवेतला गेले. मी तेव्हा शाळेत होतो. १९९० च्या युद्धात ते अम्मानमार्गे विमानानं रिकाम्या हातानं परत आले, आठ-दहा महिने घरी राहिले आणि पुन्हा गेले. मी गावात राहिलो. आईचं दुखणं-खुपणं काढलं, घराची कौलं शाकारली, पावसाळ्यात भिंतींना झडपं लावली. २०१९ मध्ये बंधू तिकडेच वारले. मग पुतण्याचं म्हणणं आलं की वडिलांच्या जागी घराच्या कागदावर त्याचं नाव लागावं. तो घर मागत नव्हता, वाटणीही मागत नव्हता. नुसतं नाव. वारसनोंदीच्या कागदावर माझी सही हवी होती. चार वर्षं मी ती केली नव्हती. आज तलाठी नाही, उद्या पाऊस आहे, असं चाललं होतं. मनात एकच होतं: हा तिकडे जन्मला, तिकडे वाढला, ह्याला दालनातला वासा कुठला ते ठाऊक नाही. हा आता आपला कुठे राहिला? घरचा मी. हा बाहेरचा.

ज्या माणसानं खांद्यावर हात ठेवून माझं मराठी तपासलं होतं, त्याच्या जागी मीच उभा होतो, हे मला तिथे कळलं. आणि दुसरंही कळलं. मी बी. ए. झालो ती फी कुवेतच्या ड्राफ्टवर. आईची औषधं, कौलं, माझ्या पहिल्या कवितासंग्रहाच्या छपाईचे पैसे, सगळं तिकडून आलेलं. मी खाडी सोडून गेलो नाही हे खरं. पण मला घरी राहता आलं, ते कोणी तरी समुद्रावर गेलं म्हणून. माझा खडा कोणी कापून पाहिला असता तर मधोमध काय निघालं असतं, हे सांगायला प्रयोगशाळा नको होती.

परत आलो आणि आठवड्याभरात सही केली. तलाठी जागेवर होते.

गेल्या मे महिन्यात पुतण्या बायको-मुलीसह गावी आला. पंधरा दिवस राहिला. मुलगी सात वर्षांची, मराठी मोडकं-तोडकं बोलते. एके दिवशी मी बाजारातून ढोमा आणला, डोकं फोडून दोन खडे धुऊन तिच्या हातावर ठेवले. तिनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, माशाचे कान. ती कितीतरी वेळ ते खडे आपल्याच कानाला लावून बसली होती.