मनगटी यंत्र आणि आपला बैठा धंदा
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गेल्या सभेत एक विचार पुढे आला होता. साठी ओलांडलेल्या समाजबांधवांचा सत्कार करताना शाल-श्रीफळाबरोबर पावले मोजणारे मनगटी यंत्रही द्यावे, असा तो विचार. त्याच्या बाजूने बरेच बोलले गेले, विरुद्धही काही बोलले गेले, आणि अखेरीस ‘गुरुजींनी माहिती काढून सांगावी’ असे म्हणून तो भार आमच्यावर टाकण्यात आला. निधी समाजाचा आहे. त्यातील रुपया न रुपया कोणाच्या तरी सुईच्या टोकावरून आलेला आहे. म्हणून यंत्रांची नावे सांगून मोकळे न होता, ती कोणास, कशासाठी आणि कितपत उपयोगी, हे आम्ही आज मांडणार आहोत.

प्रथम आपल्या धंद्याचा विचार करू. नामदेवरायांचे नाव सांगणारा आपला शिंपी समाज गावोगाव दुकान थाटून बसला, तो अक्षरशः बसला. हातशिलाईच्या काळी मांडी घालून बसणे होते. पुढे पायमशीन आली, तिने पोटऱ्यांना तरी थोडे काम दिले. आता तिला मोटर बसली आणि पाय नुसते पट्टीवर टेकून राहिले. लग्नसराईत किंवा जून महिन्यात शाळांच्या गणवेशांची गर्दी असता कारागीर सकाळी बसतो तो रात्रीच उठतो. भगिनींची स्थिती याहून निराळी नाही. फॉल-पिको, काजे-बटणे, हातशिलाई ही कामे बसूनच करावयाची. मात्र त्यांना मधूनमधून चुलीसाठी, पाण्यासाठी, मुलांसाठी उठावे लागते, एवढाच काय तो फरक.

या बैठेपणाचा हृदयाशी संबंध काय, याचा एक जुना शोध आपल्या धंद्याच्या अगदी जवळचा आहे. लंडनमधील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह केली आणि ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, जिन्यावरून वरखाली करीत तिकिटे देणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी, आणि झालाच तर कमी घातक, असे त्यांना आढळले. पुढे १९५६ साली त्यांनी याच लोकांच्या गणवेशाची मापे तपासली. विजारींच्या कमरेची मापे! चालकांची कंबर वाहकांहून मोठी निघाली, आणि तीही नोकरीस लागतानाच. तेव्हा सगळा दोष आसनाचा असे म्हणता येईना. मनुष्याची मूळची ठेवणही त्यात आली. मॉरिस यांनी हे स्वतःच दाखवून दिले, यात त्यांचा मोठेपणा आहे. पुढच्या अनेक संशोधनांनी चालण्याफिरण्याचा लाभ पक्का केला, ही गोष्ट निराळी. आम्हांस सांगावयाचे ते हे की, शिंप्याच्या वहीतील आकडे वैद्यकशास्त्राच्या कामी आले. आपल्या जुन्या गिऱ्हाइकाची कंबर दहा वर्षांत किती वाढली, हे आपल्याशिवाय दुसऱ्या कोणास इतके नेमके ठाऊक असते?

आता यंत्राकडे वळू. पावले मोजण्याची हौस नवी नाही. एकोणिसाव्या शतकात नैनसिंग रावत हे गृहस्थ इंग्रज सरकारच्या मोजणी खात्यातर्फे वेष पालटून तिबेटात गेले आणि १८६६ च्या आरंभी ल्हासास पोहोचले. त्यांच्या हाती जपमाळ होती. मात्र तिला १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावले झाली की एक मणी सरकवावयाचा. पाहणाऱ्यास वाटे, यात्रेकरू नाम घेत चालला आहे. आजच्या यंत्राच्या पोटात मण्यांऐवजी हालचाल जाणणारा एक सूक्ष्म तुकडा असतो. हात ठरावीक लयीने हलला की ते एक पाऊल धरते. म्हणजे ते पाय पाहत नाही, मनगट पाहते. ही गोष्ट ध्यानी ठेवली की पुढचा सारा घोटाळा उलगडतो. हातात पिशवी किंवा काठी घेऊन चालणाऱ्याची पावले ते कमी मोजते. कणीक तिंबताना वा धुणे आपटताना न टाकलेली पावले जमा करू शकते. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकीने घरी आलेल्या गृहस्थांस यंत्राने शाबासकी दिल्याची उदाहरणे आपल्या जिल्ह्यात ऐकू येतात, त्यात यंत्राचा एकट्याचा दोष नाही.

दिवसाला दहा हजार पावले हवीतच, असे अनेकांच्या मनाने घेतले आहे. हा आकडा वैद्यांनी ठरविलेला नाही. टोकिओच्या १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांनंतर जपानात व्यायामाची लाट आली. त्या लाटेत १९६५ साली एका कंपनीने कमरेस लावावयाचे पाऊलमापक यंत्र विकावयास काढले आणि त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असे ठेवले. नाव टिकले आणि त्याचा नियम झाला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी होऊन २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी होते, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर त्यात अधिक घट दिसली नाही. तेव्हा गुडघे कुरकुरत असता दहा हजारांसाठी रात्री अंगणात येरझाऱ्या घालणाऱ्या वडीलधाऱ्यांनी निश्चिंत मनाने झोपावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला पावलांत नाही, मिनिटांत आहे. प्रौढ मनुष्याने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, स्नायूंना बळ देणारे व्यायाम आठवड्यातून दोन दिवस तरी करावेत, आणि वृद्धांनी तोल सांभाळण्याचा सराव तीन दिवस करावा. मध्यम श्रम म्हणजे काय, हे आपणांस सोपे आहे. चालता चालता शेजाऱ्याशी बोलता येते, पण अभंग म्हणता येत नाही, अशी चाल ती मध्यम. दिंडीत टाळ धरून गात चालणाऱ्या बांधवांची चाल याहून संथ असते. तिचे पुण्य निराळे आणि दिवसभराचे अंतर मोठे, म्हणून तिचाही लाभ होतोच.

ही मिनिटे मोजावयाची तर यंत्रास नाडी कळली पाहिजे. यंत्राच्या पाठीशी हिरवा प्रकाश लुकलुकतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्त कमीजास्त होते, त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि मोजणी चुकते. म्हणून पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट परंतु वळ न उठेल असा बांधावा. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडीच मंद राहते. अशा बांधवांनी ठोक्यांच्या आकड्यावर विसंबू नये, अभंगाची कसोटी वापरावी.

निवड करताना तबकडी किती चकाकते हे पाहू नये. बाजारात हजार-दीड हजारापासून लाखाच्या घरापर्यंत किमती आहेत. आमच्या मते आपल्या कामास चार गुण पुरेत. भर उन्हात चष्म्याशिवाय वाचता येतील असे ठळक आकडे असावेत. एकदा भारित केले की आठवडाभर चालावे, कारण जे रोज उतरवावे लागते ते एके दिवशी खुंटीवरच राहते. नाडी मोजता यावी. आणि तासभर हालचाल न झाल्यास मनगटाशी थरथर होऊन उठण्याची आठवण व्हावी. मशीनवर बसणाऱ्यास हा चौथा गुण पहिल्या तिघांहून मोलाचा. उपग्रहावरून मार्ग आखणारी सोय कळसूबाई चढणाऱ्या तरुणांनी घ्यावी. कापडबाजारातून घरापर्यंतची वाट आपणांस पाठ आहे.

घेतल्यावर परीक्षा घ्यावी, हा आमचा जुना शिरस्ता. स्वतः मोजून तीनशे पावले चालावे आणि यंत्राचा आकडा पाहावा. बोटांनी अर्धा मिनिट नाडी मोजून दुप्पट करावी आणि ताडून पाहावी. मग तासभर मशीनवर काम करून पाहावे. त्या तासात शेकडो पावले जमा झाली, तर ते यंत्र आपल्या धंद्यास नालायक. आणखी एक. यंत्र बहुधा पुण्याहून चिरंजीव आणतात आणि त्यात वय, उंची, वजन स्वतःचेच भरून ठेवतात. मग वडिलांचे अंतर मुलाच्या ढांगेने मोजले जाते. ते आकडे आधी बदलून घ्यावेत.

किती उष्मांक जळले, हा आकडा तर वाचूच नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात यंत्रे तपासली. त्यांपैकी सहांची नाडी ठीक निघाली. परंतु उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत बरे यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. त्या आकड्याच्या भरवशावर जिलबी खाणे धोक्याचे. याहून गंभीर गोष्ट साखरेची. सुई न टोचता रक्तातील साखर सांगतो, असा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. आपल्यात मधुमेही बांधव पुष्कळ आहेत. घड्याळाने साखर बरी दाखविली म्हणून गोळी चुकविली, असे एका घरी जरी घडले, तरी समाजाने दिलेली भेट त्या घरास महाग पडेल. रक्तदाब दंडाला पट्टा बांधूनच मोजावा.

आणि यंत्र बांधले म्हणजे मनुष्य सुधारतो, असेही नाही. अमेरिकेतच २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या एका प्रयोगात, वजन उतरविण्याची शिकवण घेणाऱ्यांचे दोन गट होते. नुसत्या शिकवणीच्या गटाचे वजन सरासरी ५.९ किलो उतरले. यंत्रही बांधलेल्या गटाचे ३.५ किलो.

हे सर्व पाहता, प्रत्येक सत्कारमूर्तीस यंत्र द्यावे, या विचारास आमची संमती नाही. आमची सूचना अशी की, समाजाने चांगली दहा यंत्रे घ्यावीत आणि फिरत्या ग्रंथालयाप्रमाणे तीन-तीन महिन्यांसाठी द्यावीत. तेवढ्या अवधीत मनुष्यास आपला दिवस कसा जातो हे कळून चुकते. पुढे यंत्र नसले तरी चालते. उरलेल्या पैशातून समाजाच्या कार्यालयात दंडावर बांधावयाची रक्तदाबाची दोन यंत्रे ठेवावीत. दहांपैकी निम्मी यंत्रे भगिनींस मिळावीत. सत्काराच्या यादीत त्यांची नावे किती असतात, हे चिटणिसांनी एकदा पाहावे.

यंत्र परत येताच त्यातील जुनी माहिती पुसावी आणि पट्टा धुवावा. माहिती पुसणे ही केवळ टापटीप नव्हे. स्ट्राव्हा नावाच्या एका कंपनीने व्यायाम करणाऱ्यांच्या वाटा जगाच्या नकाशावर उमटविल्या होत्या. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या ध्यानात आले की, त्यावर दूरदेशीच्या लष्करी तळांच्या आकृतीही स्पष्ट दिसत आहेत. नगरास चिलखती दलाचे केंद्र आहे, यांत्रिक पायदळाचे आहे, आणि आपल्यापैकी काहींची मुले फौजेत आहेत. त्यांनी आपली वाट कोणास दिसते, ती सोय आधी बंद करावी.

शेवटी आपल्या गळ्यातील टेपविषयी. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी कमरेची मर्यादा पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर सुचविली. म्हणजे सुमारे साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. हे माप विजारीच्या पट्ट्याचे नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून ते घ्यावयाचे. कार्यकारिणीने आमची सूचना मान्य केल्यास, यंत्रासाठी चिटणिसांकडे नाव देताना प्रत्येकाने हे माप लिहून आणावे. मात्र ते दुसऱ्याकडून घ्यावे; गिऱ्हाइकास दोन बोटे सैल धरणारा आपला कारागीर स्वतःच्या पोटावर टेप फार आवळतो.