लेकुरवाळ्या घोडीची झूल

घोडी सुमारे अकरा महिने गर्भ वाहते. दिवस वाढू लागावा, गवत कोवळे असावे आणि मग शिंगरू जन्मावे, अशी निसर्गाची योजना आहे. शर्यतीच्या घोड्यांचे पंचांग मात्र निराळे. भारतात या घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते; त्यामुळे जानेवारीत जन्मलेले शिंगरू मे महिन्यातल्या आपल्या सोबत्याहून चार महिन्यांनी थोर असूनही कागदोपत्री त्याच्याच वयाचे ठरते. या लाभासाठी पंजाब-हरियाणात, तसेच पुण्याच्या परिसरातही घोड्या ऐन थंडीत वितात. तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते तीही दत्तजयंतीला, डिसेंबरात. तेथे शिंगरासह आणलेल्या घोडीला उघड्यावरच रात्र काढावी लागते. अशा वेळी धन्याचा हात आपसूक झुलीकडे जातो. त्यामागची माया खरी असते. पण झूल ज्या पट्ट्यांनी घोडीच्या अंगावर टिकते, ते पट्टे नेमके शिंगराच्या वावरण्याच्या जागी असतात, हे या मायेच्या भरात ध्यानी येत नाही.

प्रथम, झूल हवी की नको? अंगावर हिवाळी केस आलेली, कोरडी आणि पोटभर चारा खाल्लेली घोडी शून्याच्या आसपासची थंडीही सहज सोसते. वाळले गवत तिच्या मोठ्या आतड्यात आंबत असते आणि त्यातून सतत ऊब निर्माण होते. रात्री गवताची एक पेंढी अधिक टाकणे हीदेखील एक झूलच. केस कातरलेली, म्हातारी, रोडावलेली किंवा पावसावाऱ्यात आडोसा नसलेली घोडी असेल तर गोष्ट वेगळी. घोडी नुकतीच व्याली असेल तर मात्र घाई करू नये. वार पडेपर्यंत तिच्या अंगावर काही बांधू नये. घाम कोरड्या गवताने पुसून काढावा, एवढे पुरे. वार तीन तासांत पडली नाही, तर झुलीचा विचार सोडून पशुवैद्यास बोलवावे.

आता पट्ट्यांकडे वळू. नेहमीच्या झुलीला छातीवर बंद असतो, पोटाखाली तंगासारखे एक-दोन पट्टे असतात आणि पुष्कळदा मागच्या दोन्ही मांड्यांभोवती फिरणारे पट्टेही असतात. शिंगरू तासाभरात उभे राहते आणि पुढच्या तासाभरात कास शोधू लागते. हा शोध अडखळता कामा नये. कारण घोडीच्या गर्भात रोगप्रतिकारक द्रव्ये पिलाकडे फारशी जात नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती एका दिवसात ओसरते. पहिल्या आठवड्यात तर शिंगरू तासातून अनेकदा लुचते. दर खेपेस ते मान वाकवून आईच्या कुशीपाशी, मागच्या पायापुढे नाक खुपसते. मांडीच्या पट्ट्याचा सैल फास लोंबतो तो तेथेच. त्यात शिंगराची मान अडकली, किंवा लोळताना खूर गुंतला, की ते बिथरते, त्याच्यापाठोपाठ घोडी बिथरते, आणि काडीसारखा तो पाय मोडण्यास क्षण पुरतो. पूर्वीचा सुती पट्टा अशा ताणाने तुटून तरी जाई; हल्लीचा नायलॉनचा तुटत नाही. त्याचा टिकाऊपणा येथे गुण नव्हे.

म्हणून लेकुरवाळ्या घोडीच्या झुलीचे मांडीपट्टे काढून ठेवावेत. त्यांच्या जागी शेपटीखालून जाणारी, दुमचीसारखी आखूड दोरी पुरते. वाऱ्याने झूल उडू नये एवढेच तिचे काम. पोटाचा पट्टा आवळून बांधायचा नाही, पण लोंबूही द्यायचा नाही. पट्टा आणि पोट यांमध्ये आडवा तळहात जाईल इतकीच सैल असावी. शिंगरे खेळताना आईच्या पाठीवर पुढचे पाय टाकतात, हेही लक्षात असावे. झुलीची कड कुशीखाली उतरून कास झाकू लागली, तर ती दुमडून शिवून घ्यावी.

झूल घालण्यास माणसे दोन हवीत. एकाने म्होरकी धरावी, दुसऱ्याने डाव्या खांद्यापाशी उभे राहून काम करावे. शिंगरू घोडीच्या नजरेसमोर राहू द्यावे. त्याला दूर नेणे किंवा दोघांच्या मधे उभे राहणे म्हणजे लाथेला आमंत्रण. एरवी गरीब असलेली घोडी या दिवसांत मोतद्दारालाही परका समजते. झूल एकदम फडकावू नये. आधी तिला हुंगू द्यावी, मग मानेकडे पुढे टाकून केसांच्या दिशेने मागे सरकवावी. छातीचा बंद आधी, पोटाचा नंतर, दोरी शेवटी; काढताना हाच क्रम उलटा.

झुलीचा एक तोटा सहसा बोलला जात नाही. दूध देणारी घोडी रोज दहा-बारा लिटर, मोठ्या बांध्याची असेल तर त्याहूनही अधिक दूध देते आणि त्यासाठी स्वतःच्या अंगची चरबी वितळवते. उघड्या अंगावर बरगड्या दिसू लागल्या की धनी चंदी वाढवतो. झुलीखाली मात्र त्या लपून राहतात. तेव्हा ऊन चढताच झूल काढावी, खरारा करावा, बरगड्यांवरून हात फिरवून पाहावा, खांद्यावर केस झिजले आहेत का तेही तपासावे. भिजलेली झूल पुन्हा घालण्यापेक्षा घोडी तशीच आडोशाला बांधलेली बरी.

शिंगरालाही झूल शिवण्याचा मोह काहींना होतो. आजारी वा अपुऱ्या दिवसांच्या शिंगराला ती लागते, पण वैद्याच्या सांगण्यावरून. निरोगी शिंगरू रोज किलोभराने वाढते; आज बेताची असलेली झूल आठवड्यात काचू लागते. त्याला कोरडा पेंढा, वारा अडवणारी भिंत आणि आईचे दूध पुरते.

साधारण सहाव्या महिन्यात शिंगरू आईपासून तोडतात. पुढच्या हिवाळ्यात मांडीपट्टे पुन्हा लावता येतील. पण तोवर घोडी बहुधा पुन्हा गाभण असते आणि विण्याचे दिवसही त्याच थंडीत येतात, म्हणून ते पेटीतच पडून राहतात.