गव्हाचे पैसे



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "ज्यू लोकांच्या सणाचे जेवण, तेही त्यांच्या गोरगरिबांना वाढलेले, त्याचे आपल्याला काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर आमच्या एका चुकीपासून सुरू होते, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी एका अन्नछत्रात आम्ही हौसेने वाढपी म्हणून उभे राहिलो होतो. दुसऱ्या पंगतीत एक वृद्ध गृहस्थ बसलेले दिसले. पहिल्या पंगतीतही तेच होते असे आम्हांला वाटले, आणि चारचौघांच्या देखत आम्ही विचारले, "आजोबा, मघाशी जेवलात ना?" ते काही बोलले नाहीत. उठले आणि चालते झाले. भात वाढलेले पान तसेच राहिले. ते खरोखर आधी जेवले होते की नव्हते, हे आम्हांला आजतागायत ठाऊक नाही. तेव्हापासून, माणसे माणसांना जेवू कशी घालतात हे पाहण्याची आम्हांला खोडच लागली. आणि हा शोध घेता घेता यहुदी लोकांच्या वल्हांडणाच्या रात्रीपाशी आम्ही येऊन थांबलो.

वल्हांडण हा शब्द मराठी बायबलामुळे आपल्या कानांवरचा आहे. हिब्रूत त्याला पेसाह म्हणतात. मिसर देशाच्या गुलामगिरीतून पूर्वज सुटले त्याची ही आठवण. वसंतातल्या पौर्णिमेच्या सुमारास येते आणि आठवडाभर चालते. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक हा सण शतकानुशतके पाळीत आले. घरातले आंबट कालवणाचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवायचे, म्हणून त्यांनी सणाला नावही तसेच झाकणाचे दिले होते. त्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह १८७४ साली पुण्यात छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती पुढच्याच वर्षी, १८७५ साली. तेव्हा आमच्या स्नेह्यांना वाटते तितका हा विषय परका नाही.

आता या सणात गरिबाची अडचण कोठे होते ते पाहा. सणापूर्वी घरातले आंबवलेले सारे धान्यपदार्थ बाहेर काढावे लागतात. वर्षभराचा पाव चालत नाही, साठवणीचे पीठ चालत नाही. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून निघालेली भाकरीच काय ती चालते, आणि तिच्यासाठी गहू पहिल्यापासून जपावा लागतो. आमच्याकडे दिवाळीला फराळ झाला नाही तर रोजची भाकरी तरी असते. यांच्या गरिबाच्या घरी जे थोडे असेल तेच सणासाठी बाहेर जाते. म्हणून सणाआधी काही आठवडे वर्गणी गोळा करण्याची चाल पडली. तिचे नाव 'माओत हित्तीम', म्हणजे गव्हाचे पैसे. यरुशलेमी तालमुदात या गव्हाचा उल्लेख आहे. बारा महिने गावात राहिलेल्या माणसाने एक तर द्यावे, नाही तर घ्यावे, असा तिथला नियम. घेणारा आणि देणारा एकाच वाक्यात बसवले आहेत, ही गोष्ट आम्हांला फार आवडली.

इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नात दानाची व्यवस्था तर एखाद्या नगरपालिकेला शोभावी इतकी काटेकोर आहे. रोजच्या अन्नाचे एक सामाईक पात्र आणि आठवड्याची एक पेटी. पेटीचे पैसे दोघांनी गोळा करायचे, वाटायचे मात्र तिघांनी; कारण कोणाला किती द्यायचे हा न्यायनिवाडा आहे आणि तो दोघांच्या मर्जीवर सोडायचा नाही. ज्याच्यापाशी दोन वेळच्या जेवणाची सोय आहे त्याने पात्रातून घेऊ नये. चौदा वेळच्या जेवणाची आहे त्याने पेटीतून घेऊ नये. हे सारे ठीक. पण वल्हांडणाच्या प्रकरणाशी येऊन तोच ग्रंथ एकदम सढळ होतो. त्या रात्री अगदी दरिद्री मनुष्यानेही टेकून बसल्यावाचून जेवू नये, आणि त्याला द्राक्षारसाचे चार पेले मिळालेच पाहिजेत, मग ते अन्नछत्राच्या पात्रातून द्यावे लागले तरी हरकत नाही!

टेकून बसणे ही त्या काळी स्वतंत्र माणसाची, श्रीमंताची बैठक. गुलाम उभ्याने खाई. म्हणजे दान घेणाऱ्याला पोटापुरते द्या एवढ्यावर हे शास्त्र थांबत नाही. त्याला उशी द्या म्हणते, पेला द्या म्हणते.

स्वयंसेवकाची खरी परीक्षा इथे आहे. हल्ली अमेरिकेत आणि इतरत्र सभामंदिरांतून निराधारांसाठी, एकाकी वृद्धांसाठी, नव्याने आलेल्या निर्वासितांसाठी ही पंगत मांडतात. पण ही रात्र जेवणाच्या आधी कथेची आहे. सत्यनारायणाची पोथी संपल्यावाचून प्रसाद नाही, तसाच प्रकार! मिठाच्या पाण्यात बुडवलेली पालेभाजीची काडी प्रथम मिळते, मग तासभर मिसर देशाची कहाणी. भुकेल्या माणसापुढे असा कार्यक्रम ठेवणे अंमळ कठीणच. शहाणे यजमान कथा आवरती घेतात. काडीऐवजी उकडलेला बटाटा देतात. पूर्व युरोपच्या थंडीत पालाच मिळत नसे म्हणून तिकडे तो पूर्वीपासून चालत आलेला आहे. मद्याने ज्याचा संसार बुडवला अशा पाहुण्याच्या पेल्यात न आंबलेला द्राक्षांचा रस ओततात. शास्त्राला तोही चालतो.

आणखी एक चाल आहे. पुष्कळ घरी त्या रात्री कोणी आपला पेला आपण भरीत नाही, शेजाऱ्याने भरायचा. राजाने का सुरई उचलायची? त्यामुळे स्वयंसेवक एखाद्या फाटक्या कोटाच्या माणसाचा पेला भरतो तेव्हा पाहणाऱ्याला त्यात उपकार दिसत नाही. श्रीमंताच्या घरीही त्या घटकेला हेच चाललेले असते.

भोजनाच्या आरंभी यजमान भाकरी उचलून जो जो भुकेला असेल त्याला आत बोलावतो. हे बोल हिब्रूत नाहीत, अरामी भाषेत आहेत. ती त्या काळची बाजारातली बोली, म्हणून रस्त्यावरच्या माणसालाही ते कळावेत, असा अर्थ लावतात. आमच्या मनात एक शंका आली, ती सांगितलीच पाहिजे. हे आमंत्रण देतात तेव्हा सारे मांडी ठोकून बसलेले असतात आणि दार बहुधा लावलेले असते. ऐकणार कोण? शंका आमची एकट्याची नाही. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेसाने दार लावून आपल्याच बायकामुलांसह सण खाणाऱ्याची चांगलीच कानउघाडणी केली आहे. तो आनंद सणाचा नव्हे, पोटाचा, असा त्याचा निर्वाळा आहे. गव्हाचे पैसे आधी का गोळा करायचे, ते इथे कळते. त्या रात्री हाक मारून फार उशीर झालेला असतो.

पण आधी देतानाही समोरच्याची गरज ओळखता यावी लागते. ब्रेस्त-लितोव्स्कच्या एका राब्बींची, म्हणजे धर्मपंडितांची, आख्यायिका आहे. गेल्याच्या आधीच्या शतकातले योसेफ दोव सोलोवेचिक हे ते गृहस्थ. सणाच्या आधी एक मनुष्य त्यांच्याकडे शास्त्रार्थ विचारायला आला: चार पेले दुधाचे घेतले तर चालतील काय? राब्बींनी होय-नाही काहीच म्हटले नाही. प्रकृती बरी नाही का, एवढे विचारले. प्रकृती उत्तम आहे, पण द्राक्षारस परवडत नाही, असे तो म्हणाला. राब्बींनी त्याच्या हातावर पंचवीस रूबल ठेवले. तो गेल्यावर पत्नी म्हणाली, "द्राक्षारसाला दोन-तीन रूबल पुरले असते." राब्बी म्हणाले, "दूध आणि मांस एका जेवणात आम्हांला चालत नाही. तो दूध पिणार म्हणतो, त्या अर्थी त्याच्या घरी मांसही नाही." त्या मनुष्याने मागितले काहीच नव्हते. शास्त्र विचारायला आला होता, आणि शास्त्र विचारूनच तो परत गेला.

शिकागो शहरात गव्हाच्या पैशांच्याच नावाची एक संस्था १९०८ सालापासून चालू आहे. सणापूर्वी स्वयंसेवक, पुष्कळदा मुलाबाळांसह, अन्नाच्या पेट्या घरोघर पोहोचवतात. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी १९७६ साली 'दोरोत' म्हणजे 'पिढ्या' या नावाची संस्था काढली. सणाची पेटी एकाकी वृद्धाच्या घरी न्यायची, पण दारात ठेवून परतायचे नाही. आत जायचे, बसायचे, गप्पा करायच्या. पेटीचे वजन एका तरुणाला झेपेल एवढेच असते. बसणे मात्र बऱ्याच जणांना जड जाते, असे वाटते.

त्या रात्रीच्या विधीत लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे आणि वडीलधाऱ्याने उत्तरादाखल कथा सांगायची. मूल नसेल तर पत्नीने विचारावे. तीही नसेल, मनुष्य अगदी एकटा असेल, तर त्याने स्वतःलाच विचारावे, असे तालमुद सांगतो. एका खोलीत एक म्हातारा मोठ्याने स्वतःला प्रश्न विचारीत आहे, हे चित्र आम्हांला सहन होत नाही. म्हणून पेटी घेऊन आलेला पोरगा खुर्चीवर बसतो आणि काही विचारतो, तेव्हा त्या घराला यजमान मिळतो. सांगणारा तो म्हातारा. ऐकणारा पाहुणा हा.

आम्हीही त्या दिवशी आजोबांना एक प्रश्नच विचारला होता. "आपण कोठले?" असे विचारता आले असते. हातात भाताचे पातेले होते आणि पंगत लांब होती, एवढे खरे.