चिकूच्या फोडी आणि काचेची पेटी

घोलवड-डहाणूकडचा चिकू एकदा पिकला की थांबत नाही. तो वाळवायला घरचा सोलर ड्रायर पुरतो. लाकडी पेटीला आतून काळा रंग द्या, वर काच बसवा, काचेचा उतार दक्षिणेकडे ठेवा. रंगाचा वास पूर्ण जाऊ द्या, तो फळाला लागतो.

खरी मेख हवेत आहे. समोर तळाशी आणि मागे वरच्या अंगाला भोकं पाडून जाळी लावा. दमट हवा वरून निघाली नाही, तर फोडी वाळण्याऐवजी आंबतात. ट्रेची जाळी स्टीलची घ्या. जस्ताची नको, फळातलं आम्ल तिला खातं.

अर्धा सेंटिमीटर जाडीच्या फोडी सुट्या पसरा. आत ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान उत्तम. फोड वाकावी, पण दाबल्यावर ओल दिसू नये. मगच गार करून बरणीत भरा.