गोपनीयतेची ढाल कोणाच्या हाती?



मक्तेदारी हा शब्द उच्चारला की सिमेंट, पोलाद, कापड यांचे बडे कारखानदार कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. १९६९ साली संसदेने मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा केला, तो याच मंडळींना आवर घालण्यासाठी. पुढे त्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली. मधल्या काळात मक्तेदारीने मात्र आपले ठाणे बदलले. आज ती मजुराच्या, विद्यार्थ्याच्या, भाजी विकणाऱ्या बाईच्या हातातील मोबाईलमध्ये येऊन बसली आहे. जगातील बहुतेक मोबाईल ॲपल किंवा गुगल या दोन अमेरिकी कंपन्यांच्या प्रणालीवर चालतात. त्यांवर कोणते ॲप चढावे, कोणते उतरावे आणि त्याचे पैसे कोणत्या मार्गाने द्यावेत, हे मुख्यतः या दोन कंपन्यांची ॲप स्टोअर ठरवितात.

या व्यवस्थेचे स्वरूप समजण्यास शेतमालाच्या बाजाराचे उदाहरण पुरेसे आहे. माल विकावयाचे आवार एकाच व्यापाऱ्याच्या मालकीचे, काटा त्याचा, अडत त्याने ठरविलेली आणि त्याच आवारात त्याचे स्वतःचेही दुकान! शेतकऱ्याला असल्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर जगावे लागू नये, म्हणून महाराष्ट्रात १९६३ साली कृषि उत्पन्न पणनाचा कायदा झाला. मोबाईलच्या बाजारासाठी तसा खास कायदा भारतात अद्याप झालेला नाही. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही.

अडतीचा हा कारभार कसा चालतो, ते पाहण्यासारखे आहे. ॲपलने २००८ साली स्टोअर उघडले आणि विक्रीतील ३० टक्के वाटा स्वतःकडे ठेवण्याचा पायंडा पाडला. २०२१ पासून लहान उत्पादकांसाठी तो १५ टक्के झाला. मोबाईलवरील खेळ तयार करणाऱ्या एपिक कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये ही अडत टाळून ग्राहकांकडून थेट पैसे घेण्याची सोय केली, तेव्हा ॲपलने त्याच दिवशी तिचा खेळ स्टोअरमधून काढून टाकला. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने २०२१ मध्ये निकाल दिला. मक्तेदारीचा आरोप सिद्ध झाला नाही. परंतु ग्राहकाला बाहेरचा रस्ता दाखविण्याची उत्पादकांना मनाई करता येणार नाही, असा आदेश झाला. त्यावर कंपनीने काय केले? तिने त्या बाहेरच्या रस्त्यावरही २७ टक्के आकारणी बसविली! एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने हा आदेशाचा जाणूनबुजून केलेला भंग ठरविला.

भारतातील अनुभव वेगळा नाही. स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी प्ले स्टोअरच्या देयक-पद्धतीबद्दल गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. इतरांवर जी पद्धत सक्तीची, ती गुगलच्या स्वतःच्या यूट्यूबला लागू नव्हती, यावर आयोगाने बोट ठेवले. पुढे पैसे घेण्याचा दुसरा मार्ग खुला झाला, पण त्यावरची आकारणी अवघ्या चार टक्क्यांनी कमी! मार्च २०२४ च्या प्रारंभी शुल्काच्या वादातून काही भारतीय कंपन्यांची ॲप स्टोअरमधून एकाएकी काढली गेली आणि केंद्रीय मंत्र्यांनी हस्तक्षेप केल्यावर ती काही दिवसांत परत आली. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंडाची रक्कम २१६.६९ कोटींवर आणली. नोकरी व विवाह जुळविणाऱ्या सुस्थापित कंपन्यांची ही गत, तर चार तरुणांनी मिळून उभ्या केलेल्या एखाद्या धंद्याची काय कथा?

या टीकेला कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. वेस उघडली तर चोर आत शिरतील आणि ग्राहकाच्या गोपनीयतेचे रक्षण कोणी करावयाचे, असे त्या विचारतात. हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही. पण त्याची परीक्षा फ्रान्समध्ये झाली आहे. ग्राहकाच्या मागावर राहण्यापूर्वी ॲपने त्याची परवानगी घ्यावी, असा नियम ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये लागू केला. नियम वरकरणी उत्तम. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने त्याबद्दल ॲपलला १५ कोटी युरोंचा दंड केला. हेतू आक्षेपार्ह नाही, परंतु अंमलबजावणीची रीत आवश्यकही नाही आणि प्रमाणशीरही नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. इतरांच्या ॲपला नकार एकदाच दिला की पुरे, होकार मात्र दोनदा द्यावा लागे. ॲपलच्या स्वतःच्या ॲपना हा दुहेरी उंबरठा नव्हता. जाहिरातीवर जगणाऱ्या लहान प्रकाशकांना त्याची झळ अधिक बसली. ढाल ग्राहकासाठी म्हणून उचलली गेली, आणि तिच्याआडून वार झाला तो प्रतिस्पर्ध्यावर.

मग स्पर्धा खुली केली की सारे साधले काय? तसेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये कर्ज देणाऱ्या ॲपची पाहणी केली. ऐंशीहून अधिक ॲप स्टोअरमधून सुमारे १,१०० ॲप उपलब्ध होती आणि त्यांतील सुमारे ६०० बेकायदा होती. गरजवंताच्या मोबाईलमधील नातेवाइकांचे क्रमांक काढून घ्यावयाचे आणि वसुलीसाठी त्या सर्वांपुढे त्याची बेअब्रू करावयाची, ही असल्या सावकारीची रीत. दुकाने ऐंशी झाली म्हणून गरिबाची अब्रू वाचली नाही. म्हणजे एका मालकाचा पहाराही पुरेसा नाही आणि अनेक मालकांची चढाओढही पुरेशी नाही. पहारा कायद्याचा हवा, आणि त्या कायद्याला लोकांना जाब देणे भाग हवे.

व्हॉट्सॲपच्या प्रकरणात हे दोन प्रश्न मुळात एकच असल्याचे स्पष्ट झाले. त्या कंपनीने २०२१ मध्ये नव्या अटी घातल्या : मान्य करा, नाहीतर सोडून जा. ज्या गावात शाळेची सूचना, दूध संघाचा निरोप आणि मजुरीचा हिशेब याच एका मार्गाने येतो, तेथे सोडून जाणार कोठे? दुसरे दार नसेल तर संमतीला अर्थ उरत नाही. आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या सक्तीला वर्चस्वाचा गैरवापर ठरवून मूळ कंपनी मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. वर्षभरानंतर अपिलात दंड कायम राहिला. जाहिरातींसाठी माहिती वाटून घेण्यावरील पाच वर्षांची बंदी मात्र रद्द झाली.

गोपनीयतेची ढाल सरकारलाही प्रिय असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. पण त्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना अधिसूचनेने सूट देता येते आणि देखरेख करणारे मंडळही तेच सरकार नेमते. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधील सार्वजनिक हिताचा अपवाद काढून टाकला. कलम ८(२) शिल्लक आहे, असे सरकार सांगते. परंतु रोजगार हमीच्या हजेरीपटावरील खोटी नावे शोधणाऱ्या कार्यकर्त्याला यापुढे ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढे उत्तर देणे अधिकाऱ्याला सोपे झाले, हे नाकारता येणार नाही. नागरिक सत्तेपुढे उघडा आणि सत्ता नागरिकापासून झाकलेली, अशी गोपनीयता लोकशाहीला नको आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी या दोन मागण्यांची फाळणी होऊ देऊ नये. आवाराच्या मालकाने त्याच आवारात स्वतःच्या दुकानाला झुकते माप देऊ नये. अडतीवर मर्यादा असावी. संमती नाकारणाऱ्याची सेवा बंद होऊ नये. माहिती संरक्षणाचे मंडळ सरकारपासून स्वतंत्र असावे. आणि माहिती अधिकारातील तो अपवाद पूर्ववत व्हावा. या मागण्या तज्ज्ञांच्या समित्यांवर सोडून देण्याजोग्या नाहीत. कर्जाच्या ॲपने नाडलेला मजूर, आकारणीने बेजार झालेला उत्पादक आणि हजेरीपट मागणारा ग्रामस्थ यांना एका सभेत बसविणे, हे कार्यकर्त्याचेच काम आहे. त्या सभेत तिघांनाही उमगेल की, आपले गाऱ्हाणे एकच आहे : जो दार राखतो, त्याला कोणी जाब विचारीत नाही.