दरोडेखोर, पण आपला!

२०१९ सालचा 'जोकर' आठवतोय? बॅटमॅनच्या कॉमिकमधला हा खलनायक. ती भूमिका करणाऱ्या वाकीन फिनिक्सला ऑस्कर मिळालं. खुनी माणसासाठी आपला जीव का तुटावा?

असाच जीव तुटायला लावणारा एक गुन्हेगार आपल्या मराठीतही आहे. वारणेच्या मुलखातलं वाटेगाव हे अण्णा भाऊ साठ्यांचं जन्मगाव. त्यांची 'फकिरा' कादंबरी १९५९ साली आली. फकिरा दरोडेखोरच! पण दुष्काळ पडलाय, माणसं भुकेनं मरताहेत आणि वाड्यात धान्याची पोती थप्पी लावून ठेवलीत. तो वाडा लुटला जातो, धान्य उपाशी घरांत पोचतं. मग पाळी सरकारी खजिन्याची. आता वाचकानं फौजदाराची बाजू घ्यायची तरी कशी? शेवटी इंग्रज त्याच्या माणसांना डांबतात, तेव्हा हाच गडी त्यांच्यासाठी आपणहून हजर होतो.

जोकरचं दुःख खरं, पण सूड त्याच्या एकट्याचा. फकिराच्या गुन्ह्यात मात्र सगळी वस्ती वाटेकरी. मला विचाराल तर फकिराच उजवा. गंमत बघा, १९६१ साली या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. खजिना लुटणाऱ्याच्या गोष्टीला सरकारचंच बक्षीस!